दगडूचं पाणी

खिडकीच्या कट्ट्यावर एक बोटभर उंचीची बाटली ठेवली आहे. काल आरोग्य खात्याची एक मुलगी येऊन देऊन गेली. म्हणाली, "आजी, ज्या पाण्याची शंका असेल ते यात खुणेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि ठेवून द्या. पाणी काळं झालं तर पिऊ नका." एवढं सोपं. सुनेनं लगेच जारचं पाणी भरलं. चैत्र लागला की आमच्या धाराशिवात नळ आठवड्यावर जातात आणि दारोदार हे निळे जार फिरू लागतात. रिकामा न्यायचा, भरलेला ठेवायचा. त्याच त्या जारमध्ये पुन्हा पुन्हा भरलेलं पाणी. आतून कुणी कधी हात फिरवला असेल का, असं मी विचारलं की घरातले म्हणतात, आई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. दिसते खरी. पाण्याच्या बाबतीत माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो आजकालचा नाही.

सकाळपासून तीनचारदा त्या खिडकीपाशी जाऊन आले. पाणी अजून पाण्यासारखंच आहे. पाण्याकडे बघत वाट पाहणं मला चांगलं ठाऊक आहे. तो उन्हाळा दरवर्षी येतो आणि माझ्याजवळ बसतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी तुळजापूरची, शाळामास्तरांची मुलगी, लग्न होऊन कळंबला आले होते. हे तिथं सॅनिटरी इन्स्पेक्टर. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव घ्यायची सवय मला शेवटपर्यंत लागली नाही. निजामी जाऊन इतके उन्हाळे लोटले तरी गावाच्या तोंडी ह्यांचा हुद्दा 'दरोगा'च होता. लोक दुरून रामराम करायचे आणि हातात पेटी दिसली की सुई टोचतील म्हणून गल्ली बदलायचे. विहिरीत औषध टाकलं की बायका आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "पान्याची चव घालवली की गं बया." मी आत भाकरी थापत ऐकत असे. नव्या नवरीला तोंड नसतं, नाहीतर मी चार शब्द सुनावले असते.

आमची खोली एसटी थांबायची त्या मोठ्या लिंबाजवळ होती. लिंबाखाली गोदाकाकूंची पाणपोई. वर तुराट्यांचा मांडव, खाली मातीचा ओटा, आणि त्या ओट्यात कमरेपर्यंत पुरलेला एक थोरला रांजण. भोवती ओली वाळू, वाळूत टाकलेल्या जवसाचे हिरवे कोंब. रांजणाच्या गळ्याला ओलं फडकं. काकू स्वतः लांब दांड्याच्या पळीनं पाणी वाढायच्या. दुसऱ्या कुणाचा हात रांजणाला लागू द्यायच्या नाहीत. काही माणसांना त्या पाणी हातभर उंचावरून ओंजळीत सोडत. ती माणसंही न सांगता बाजूलाच उभी राहत. त्या काळी ते कुणाला खटकत नव्हतं, मलाही नाही. आता खटकतं. पण पाणी मात्र सगळ्यांना त्याच रांजणातलं आणि पोट भरेपर्यंत. मोटारीतून उतरलेला माणूस पहिला घोट घेतला की डोळे मिटायचा. वाळ्याचा वास, लिंबाची सावली, आणि काकूंचा आवाज, "पी लेकरा, अजून पी."

काकूंना लेकरू नव्हतं. झालं होतं. आधीची दोन राहिली नाहीत म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे मरणाची नजर जायची नाही. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचं बिऱ्हाड गाव सोडून हद्दीपलीकडे एका माळावर जाऊन राहिलं. माळावर माणसं दाटीवाटीनं, आणि त्यात हैजा आला. दगडू सात-आठ वर्षांचा होता. त्याला जुलाब-वांत्या लागल्या आणि तो पाणी मागू लागला. जाणत्या माणसांनी सांगितलं, थेंबसुद्धा देऊ नका, पाणी पोटात गेलं की पोरगं गेलं. काकूंनी ऐकलं. दुपारभर तो मागत होता आणि त्या नाही म्हणत होत्या. हे त्यांनी मला रांजणावर फडकं पिळता पिळता, वाळवणाची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगितलं होतं. "शेवटाला त्याचा आवाज निघंना, सूनबाई. नुसती व्हटं हलायची. तवा बी म्या न्हाय दिलं."

म्हणून पाणपोई. दगडूच्या नावानं. पाडव्याला रांजणाची हळदकुंकवानं पूजा करायची, भरायचा, आणि मृग निघेपर्यंत तो रिता होऊ द्यायचा नाही. अर्ध्यावर आला की वरून हंडा ओतायचा. तशी ती सगळीकडचीच रीत होती, पाणपोईचा रांजण रिकामा दिसणं अशुभ. पण काकूंच्या बाबतीत ती रीत राहिली नव्हती. कुणी पाणी मागितलं आणि रांजणात नाही असं एकदाही होता कामा नये, ह्यावर त्यांचं जगणं चाललं होतं.

वैशाखात पटकी सुरू झाली. गावात पटकी म्हणायचे, जुने लोक हैजा, आणि बायका नाव न घेता नुसतं "ते" म्हणायच्या. हे उन्हातून वाड्यावस्त्यांवर फिरत, संध्याकाळी येऊन मोरीत उभे राहत आणि चुना-फिनेलच्या वासाचे कपडे बाहेरच टाकत. एक दिवस जेवताजेवता घास हातातच राहिला. म्हणाले, "मोठ्या विहिरीत मी औषध टाकलंय. विहिरीशेजारच्या घरांत एक माणूस पडलेलं नाही. पडतायत ती बाजारला आलेली, मोटारीनं आलेली माणसं. दहा गावची. ती सगळी कुठं पाणी पितात?" मी दाराबाहेर पाहिलं. आमच्या दारातून लिंब दिसत होता.

पाणी तपासायला पाठवायचं म्हणजे तेव्हा मोठं प्रकरण होतं. प्रयोगशाळा दूरच्या शहरात. तिथून काचेच्या बाटल्या यायच्या, निर्जंतुक केलेल्या, बुचावर कागद बांधलेला. बाटलीच्या तोंडाला बोट लागता कामा नये. भरली की बर्फात ठेवून पेटी निघाली पाहिजे, नाहीतर वाटेत पाण्यातले जंतू वाढतात आणि तपासणीला अर्थ राहत नाही. बर्फ बार्शीहून मोटारीच्या टपावरून गोणपाटात, भुशात गुंडाळून आला. निम्मा वाटेतच पाझरून गेला होता. मी बर्फ पहिल्यांदा तेव्हा पाहिला. ह्यांनी एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. हात बधिर होईपर्यंत मी तो धरून ठेवला आणि खुळ्यासारखी हसले. त्या उन्हाळ्यात हसल्याचं तेवढंच आठवतं.

एक बाटली विहिरीची, एक रांजणाची. काकूंना ह्यांनी नीट सांगितलं होतं की पाण्यात रोग आहे का ते बघायचं आहे. पण ऐकणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेवढंच कानात जातं. काकूंनी समजूत करून घेतली ती अशी, की सरकारनं गावोगावच्या पाणपोया पाहिल्या आणि त्यांतून दगडूचं पाणी निवडलं. पेटी मोटारीवर चढण्याआधी त्यांनी तिला कुंकू लावलं. कंडक्टर, बांगडीवाला, भेळवाला, सगळ्यांना सांगून झालं. "माझ्या दगडूचं पानी सरकार चाखनार हाय. शहराला चाललंय." ह्यांनी मान खाली घातली.

मग हे म्हणाले, "काकू, निकाल येईपर्यंत रांजण झाकून ठेवा. कुणाला देऊ नका."

काकूंचा चेहरा एकदम उतरला. "ह्या उन्हात? आन् मागितलं तर?"

"विहिरीवर पाठवा. थोड्या दिवसांची गोष्ट आहे."

त्यांनी फळी आणून रांजणावर ठेवली, फळीवर दगड ठेवला. पण उठून घरी गेल्या नाहीत. झाकलेल्या रांजणाशेजारी दिवसभर बसून राहिल्या आणि येणाऱ्याला बोटानं विहीर दाखवत राहिल्या. माणसं कुरकुरत जायची. एकदोघांनी पाणपोई घातली ती मिरवायला का, असंही म्हटलं. काकू ऐकून घ्यायच्या. दुपारी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले तर तोंडात घास फिरत होता.

बाजारचा दिवस आला. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नसे. मांजरा नदीच्या वाळूतली टरबुजं, शेरडं, ज्वारीची पोती, घामाचा आणि गुळाचा वास. लोहाऱ्याकडचं एक धनगराचं बिऱ्हाड चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन आलं होतं आणि नदीच्या कोरड्या पात्रात उतरलं होतं. त्यातली एक बाई घोंगडी विकायला आली होती. बरोबर पोरगी, मंजुळा, असेल सात-आठ वर्षांची. आईचा सौदा जमेना, ऊन डोक्यावर आलं, आणि पोरगी सरळ काकूंपुढे येऊन उभी राहिली.

"म्हातारे, पानी दे की."

मी आमच्या दारात होते. काकूंनी बोटानं विहीर दाखवली. पोरगी हलली नाही. तिला विहिरीपर्यंत चालायचं नव्हतं आणि तिथं पाणी शेंदायची तिची उंचीही नव्हती. ती पुन्हा म्हणाली, "पानी." मग तिनं ओठांवरून जीभ फिरवली. आवाज न करता नुसते ओठ हलवून तिनं तिसऱ्यांदा मागितलं, आणि काकूंनी दगड उचलला. फळी सरकवली. पळी भरली. मी "काकू!" म्हणून ओरडले की नुसतं मनात म्हटलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बाजाराचा गलका फार होता. पोरगी दोन पळ्या पाणी प्यायली, हनुवटीवरचं पाणी पुसून तोच हात डोक्यावर फिरवला आणि आईकडे पळाली.

पटकीच्या रोग्यांसाठी शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या होत्या. सुट्टीच होती. फळ्यावर कुणीतरी काढलेली बेरीज तशीच राहिली होती आणि खाली मध्ये भोक पाडलेल्या बाजा, बाजांखाली बादल्या. तो वास मी लिहिणार नाही. बाजार उठून दुसरा दिवस मावळायच्या आत मंजुळाला बैलगाडीतून तिथं आणलं. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. बातमी लिंबापर्यंत यायला वेळ लागला नाही. काकू उठल्या आणि शाळेकडे चालू लागल्या. त्यांच्या मागून मी.

मंजुळा पाणी मागत होती. तिची आई पदर तोंडात धरून मागे सरकत होती, कारण तिलाही तेच शिकवलेलं होतं, द्यायचं नाही. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हात मागे बांधून घेतले. तालुक्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर पोरीच्या हातात सलाईनची सुई घालायला शीर शोधत होता. शीर सापडत नव्हती. तो वर न बघता खेकसला, "अहो बघत काय बसलात? पाणी पाजा तिला. उकळून गार केलेलं ते, त्या पातेल्यातलं. चमच्या-चमच्यानं, पण पाजत राहा."

काकू जागच्या हलल्या नाहीत. विचारलं, "हैजात पानी चालतंय व्हय, डॉक्टर?"

"चालतंय काय? अंगातलं पाणी संपूनच तर माणूस मरतं ह्यात. रोग कमी मारतो, तहान जास्त मारते."

तो पुन्हा शीर शोधू लागला. आपण काय बोललो हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माणसाच्या चेहऱ्यावर बघू नये असं काही असतं, तसं ते होतं. एवढी वर्षं त्यांच्याजवळ एकच आधार होता. पोरगं तळमळत गेलं, पण मी केलं ते त्याच्या जिवासाठी केलं. तो आधार एका वाक्यात गेला.

त्या पोरीजवळ बसल्या. पातेलं मांडीशी घेतलं आणि चमच्यानं पाणी घालू लागल्या. "पी लेकरा, अजून पी." घातलेलं उलटून पडायचं, त्या पुसायच्या आणि पुन्हा घालायच्या. दिवेलागणीच्या सुमाराला मंजुळाचे ओठ बंद झाले. काकू पुढे कितीतरी वेळ चमचा तसाच तिच्या तोंडाशी धरून बसल्या होत्या. मीच तो काढून घेतला.

त्यानंतर निकाल आला. विहिरीचं पाणी चांगलं. रांजणाचं पाणी पिण्यास अयोग्य, त्यात माणसाच्या पोटातली घाण आणि पटकीचे जंतूही. हे लिंबाखाली जाऊन उभे राहिले. हातातला कागद उघडला, पुन्हा घडी घातली. शेवटी काकूच म्हणाल्या, "सांगू नका, दरोगासाहेब. तुमच्या तोंडावर दिसायलंय."

ह्यांनी खाली बसून हळू विचारलं, "काकू, सगळं पाणी विहिरीचंच घालत होता ना?"

"विहिरीचंच." मग आठवून म्हणाल्या, "एक हंडा झिऱ्याचा. एकच. विहिरीवर लई गर्दी व्हती तवा. रांजण बुडाला लागला व्हता, म्हून नदीच्या वाळूत खनलेल्या झिऱ्यावरनं आणला."

"आणि रांजण रिकामा कधी केला होता?"

"रिकामा?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "रिकामा कसा करंन?"

मग ह्यांनी समजावून सांगितलं. की तो एक हंडा रांजणातून कधी गेलाच नाही. वरून चांगलं पाणी पडत राहिलं, लोक पीत राहिले, आणि तळाचं तळाशी राहून वरच्या प्रत्येक हंड्याला नासवत राहिलं. रांजण एकदा जरी पुरता उपसून, घासून उन्हात वाळवला असता तर संपलं असतं. शेवटी म्हणाले, "त्या पोरीचं बिऱ्हाड नदीत उतरलं होतं काकू. झिऱ्याचं पाणी रोजच पीत असणार. कुठल्या पाण्यानं गेली, कोण सांगणार?"

"म्या सांगते की," काकू म्हणाल्या.

त्यांनी खुरपं आणलं. ओटा खणायला लागल्या. रांजण पुरलेला, त्यामुळे तो कलंडायचाही नाही; कधी कलंडावा अशी सोयच केलेली नव्हती. हे मदतीला वाकले तर त्यांचा हात बाजूला केला. जवसाचे कोंब उपटले गेले, वाळू विखुरली. रांजण सुटा झाला तसा त्यांनी खांदा लावून पालथा केला. पाणी लिंबाच्या मुळाशी गेलं. शेवटी शेवटी आलं ते हिरवट, बुळबुळीत होतं. काकूंनी आत हात घातला, तळ चाचपला आणि हात बाहेर काढून बोटांकडे बघत राहिल्या. त्या रांजणातलं पाणी मीही प्याले होते. मला काही झालं नाही. का झालं नाही, ह्याचं उत्तर मला पुढे कुणीच दिलं नाही.

काकू पाणपोई पुन्हा घालणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. पुढच्या पाडव्याला तुराट्यांचा मांडव पुन्हा पडला. रांजण नवा होता आणि ह्या वेळी पुरलेला नव्हता, लाकडी तिवईवर ठेवला होता. दिवस मावळला की काकू उरलेलं पाणी ओतून देत, रांजण आतून राखेनं घासत आणि पालथा घालत. भर उन्हाळ्यात भरल्या रांजणाचं पाणी ओतून देणारी बाई गावानं पाहिली नव्हती. येणारेजाणारे थांबायचे. एका म्हातारीनं झापलं, "अगं ए, पानी वतायलीस व्हय? डोस्कं फिरलं का तुजं?" काकू अजून मूठभर राख घ्यायच्या. घासत राहायच्या.

एकदा मी जवळ उभी होते. पालथ्या रांजणावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "सूनबाई, रिता झाला की माझं काळीज अजून लटलट करतंय बग. वाटतं, आताच कुनी मागितलं तर?" मग अंधार पडेपर्यंत त्या तिथंच बसायच्या. कुणी मागायला आलंच तर हातात दोर घेऊन विहिरीवर जायच्या आणि ताजं शेंदून आणायच्या. गुडघे गेल्यावरही जात. आमची बदली झाली तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो ओला होता.

आता उन्हं कलली आहेत. सून खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "आई, बघा बरं." मी गेले. बाटलीतलं पाणी तळापासून काळं होत चाललं होतं. काजळ कालवल्यासारखं. ती म्हणाली, जार बदलून मागू. मी म्हटलं, माठ उपस आधी. त्यात तीन दिवस जारचंच पाणी वरून वरून भरलेलं आहे. तिनं निमूटपणे माठ मोरीत नेऊन पालथा केला. घरात प्यायला पाणी उरलं नाही. मी नळाचं साठवलेलं पाणी पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवलं.

तेवढ्यात जारवाला बालाजी आला. पन्नाशीचा माणूस, जिना चढून धापा टाकत होता. खांद्यावरचा जार उतरवला, उंबऱ्यात बसला आणि गमछ्यानं तोंड पुसलं. त्याच्या पाण्याचं काय झालंय हे मी त्याला सांगणार होते. शब्द जुळवत होते. निकाल घेऊन हे लिंबाखाली जाऊन उभे राहिले होते ते मला पहिल्यांदा आतून कळलं.

तो म्हणाला, "आजी, आधी ग्लासभर पाणी द्या. लई ऊन हाय."

त्याच्या पुढ्यात त्यानंच आणलेला भरलेला जार होता. माझ्या हातात रिकामा पेला. मी म्हटलं, "थांब जरा. उकळायला ठेवलंय. गार झालं की देते."

तो हसला. "तंवर जीव जाईल की आजी."

मी गॅस मोठा केला.